खाडीला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं?

स्पॅनिशची वरची परीक्षा देऊन भाषांतराची कामं घ्यायला लागलेली मुलंमुली मला हमखास विचारतात, “ताई, खाडीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?” मी उलट विचारते, “कुठली खाडी? आणि वाचणार कोण?” या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय किनाऱ्यावरचा एकही शब्द लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. पुण्यात राहून मी मासेमारी, बंदरं, किनाऱ्याचं पर्यावरण, पर्यटन अशा विषयांची भाषांतरं करते. या कामात व्याकरणापेक्षा जास्त वेळ नकाशा बघण्यात जातो, आणि तो गेलाच पाहिजे.

किनाऱ्याचे शब्द कोशकारांनी घडवलेले नाहीत. कोळ्यांनी, तांडेलांनी, मिठागरवाल्यांनी ते आपापल्या पाण्याला दिले. स्पॅनिश बोलणारे किनारे तर केवढे पसरलेत: भूमध्य समुद्र, अटलांटिक, कॅरिबियन, पॅसिफिक, खाली थेट तिएर्रा देल फुएगोपर्यंत. एका किनाऱ्यावरचा शब्द दुसऱ्या किनाऱ्यावर गेला की त्याचं पाणी बदलतं. म्हणून कोश उघडायच्या आधी जागा बघायची आणि मग वाचणाऱ्याचा किनारा बघायचा, हाच माझा क्रम आहे. खाली स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते आहे.

आधी पाणी बघा

उपग्रहाचा नकाशा उघडा आणि जागा नीट मोठी करून पाहा. वरच्या टोकाला नदी येऊन मिळते का? भरतीचं पाणी किती आत चढतं? दोन्ही काठांना डोंगर आहेत, वाळू आहे की चिखल? समुद्राकडचं तोंड उघडं आहे की वाळूच्या दांड्याने अर्धंमुर्धं बंद झालेलं आहे? एवढं कळलं तरी चुकीचे निम्मे शब्द आपोआप गळतात.

दाभोळची खाडी घ्या. वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरते, चिपळूणवरून येते आणि दाभोळ-अंजनवेलच्या मध्ये समुद्राला मिळते. भरती पार चिपळूणच्या बाजूपर्यंत चढते. म्हणून तर गोवळकोटला बंदर होतं. दोन्ही काठांना डोंगर, मध्ये रुंद पाणी. नदीचं खोरं समुद्राने बुडवलं की जे तयार होतं ते हेच, आणि त्याला स्पॅनिशमध्ये नेमका शब्द आहे: रीआ. हा शब्द स्पेनच्या वायव्य टोकाच्या गालिसियाचा. फेर्दिनांद फॉन रिख्तहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १८८६ मध्ये तो शास्त्रात आणला आणि तेव्हापासून बुडालेल्या नदीखोऱ्याला जगभर ‘रिया’ म्हणतात. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतही तो आहे. गालिसियाच्या दक्षिण किनाऱ्यावर मुरोस-नोया, आरोउसा, पोन्तेबेद्रा आणि बीगो या चार मोठ्या रीआ आहेत. तिथे पाण्यात लाकडी तराफे नांगरून त्यांना लटकवलेल्या दोरांवर शिंपले वाढवतात. त्या तराफ्याला बातेआ म्हणतात. तिथल्या वाचकाला ‘दाभोळची रीआ’ म्हटलं की डोंगर, आत शिरलेला समुद्र, होड्या, भरती-ओहोटी हे सगळं एका शब्दात दिसतं.

तरीसुद्धा त्याच दाभोळसाठी मी पुष्कळदा एस्तुआरिओ लिहिते. अहवाल खारेपणाबद्दल असेल, गोडं आणि खारं पाणी कुठे मिसळतं, कोलंबीची पिल्लं कुठपर्यंत येतात याबद्दल असेल, तर ‘वाशिष्ठीचं एस्तुआरिओ’ बरोबर. जमिनीच्या आकाराबद्दल बोलायचं असेल तर रीआ, पाण्याच्या मिसळणीबद्दल बोलायचं असेल तर एस्तुआरिओ. एकाच कागदात दोन्ही आले तरी बिघडत नाही, फक्त दोन वेगळ्या जागा आहेत असं वाचणाऱ्याला वाटू देऊ नका. पहिल्यांदा येतील तेव्हा एकाच वाक्यात दोन्ही बांधून टाका.

रीआ आणि रीओ यांच्यातही गल्लत करू नका. रीओ म्हणजे नदी आणि ती पुल्लिंगी, रीआ स्त्रीलिंगी. आस्तुरियास, कांताब्रिया आणि बास्क किनाऱ्यावर रीआ गालिसियाइतकी रुंद नसते. बिल्बाओची रीआ म्हणजे शहरातून वाहणाऱ्या नदीचा भरती चढणारा भाग.

आता ठाण्याची खाडी. इथे माथ्याला वाशिष्ठीसारखी मोठी नदी उतरत नाही. उत्तरेला एका अरुंद फाट्याने ती उल्हासच्या पाण्याला जोडलेली आहे. काठाला चिखल, कांदळवन आणि हजारो फ्लेमिंगो. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं. हिला रीआ म्हटलं तर गालिसियाच्या माणसाच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहील. स्पेनसाठी मी ‘ब्रासो दे मार’, म्हणजे समुद्राचा हात, असं लिहिते आणि लगेच कांदळवन व चिखलाचा उल्लेख करते. इक्वेडोरसाठी मात्र एस्तेरो. ग्वायाकिल शहरात एस्तेरो सालादो नावाची भरती-ओहोटीची खाडी आहे, काठाला कांदळवन आणि दोन्ही बाजूंना वस्ती. ठाण्याच्या खाडीचं इतकं जवळचं भावंड दुसरीकडे मिळणं अवघड.

मग वाचणाऱ्याचा किनारा बघा

आणि इथेच खरा धोका आहे, कारण एस्तेरो हा शब्द प्रत्येक देशात वेगळ्या पाण्यात उभा आहे. स्पेनमध्ये कादिसच्या आखाती पट्ट्यात एस्तेरो म्हणजे मिठागराचं मोठं तळं. भरतीचं पाणी दरवाजातून आत घ्यायचं, त्याबरोबर मासे येतात, ते तिथेच वाढवायचे आणि हंगाम आला की पाणी उतरवून पकडायचे. या पकडण्याला देस्पेस्के म्हणतात. अर्जेंटिनात कोरिएन्तेस प्रांतातले एस्तेरोस देल इबेरा समुद्रापासून कितीतरी आत, गोड्या पाण्याची अफाट दलदल. चिलीत बिन्या देल मार शहरातून वाहणारा मार्गा मार्गा हा एस्तेरो, म्हणजे आपल्याकडचा ओढा. त्याच चिलीच्या दक्षिणेला डोंगरात शिरलेल्या समुद्राच्या फाट्यांच्या नावांतही एस्तेरो येतो. म्हणजे ‘ठाण्याचं एस्तेरो’ हे इक्वेडोरच्या माणसाला जागच्या जागी पोचवेल, अर्जेंटिनाचा माणूस गोड्या दलदलीत जाईल आणि बिन्या देल मारचा माणूस ओढा शोधेल.

कामाच्या कागदावर फक्त ‘स्पॅनिश’ लिहिलेलं असतं. ग्राहकाला स्पष्ट विचारा: हे कुठे वाचलं जाणार? ‘सगळीकडे’ असं उत्तर आलं तर स्थानिक शब्द बाजूला ठेवा आणि एस्तुआरिओ, ब्रासो दे मार, लागुना कोस्तेरा (किनाऱ्यावरचं सरोवर) असे शब्द घ्या, जे कुठेच चुकीचं चित्र उभं करत नाहीत. वाक्य थोडं लांबतं, पण माणूस चुकीच्या पाण्यात उतरत नाही.

खाजण, दोन अर्थांचं

आपल्या भाषेतही हे घडतंच. शाळेच्या भूगोलात खाजण म्हणजे वाळूच्या दांड्यामागे अडकलेलं खारं सरोवर. आमच्याकडे घरात खाजण म्हटलं की भरतीचं पाणी चढणारी खारी जमीन. गोव्यात खाजन म्हणजे बांध घालून समुद्रापासून राखलेली शेती. पाण्याच्या आत-बाहेरासाठी बांधात मानस, म्हणजे दरवाजा, असते, पावसाळ्यात भात आणि पाण्यात मासे. मराठी मजकुरात ‘खाजण’ दिसलं की आधी यातलं कुठलं ते ठरवा, कारण स्पॅनिशमध्ये तिन्हींची वाट वेगळी आहे.

सरोवराला लागुना कोस्तेरा किंवा लागुना लितोराल म्हणा. हे सगळीकडे चालतं. स्पेनमध्ये आल्बुफेरा हा जास्त मुरलेला शब्द. मूळ अरबी, ‘अल-बुहैरा’, म्हणजे छोटा समुद्र. बहारीन देशाच्या नावातला ‘बहर’ तोच. व्हॅलेन्सियाजवळची आल्बुफेरा प्रसिद्ध आहे, भोवती भातशेती, १९८६ पासून नैसर्गिक उद्यान. पण त्याच स्पेनमध्ये मुर्सियाला मार मेनोर आहे, ला मांगा नावाच्या वाळूच्या लांब पट्टीमागचं खारं पाणी. शास्त्राने तीसुद्धा आल्बुफेराच, पण लोक तिला मारच म्हणतात आणि २०२२ च्या कायद्याने तिला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा मिळाला तो याच नावाने. नावाला हात लावायचा नाही, वर्णनात हवं तर आल्बुफेरा लिहायचं. अर्जेंटिनात आणखी एक फसगत आहे: मार चिकिता नावाची एक आल्बुफेरा ब्युनोस आयर्स प्रांताच्या किनाऱ्यावर, आणि त्याच नावाचं एक खारं सरोवर कोर्दोबा प्रांतात, समुद्रापासून दूर. मजकुरात कुठला प्रांत आहे ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खाऱ्या जमिनीला मारिस्मा. ग्वादालकिबीर नदीच्या मुखाकडच्या मारिस्मा, त्यातलं दोन्याना राष्ट्रीय उद्यान, ही स्पेनमधली ओळखीची उदाहरणं. गोव्याच्या खाजन शेतीला मात्र मारिस्मा म्हणून मोकळं होऊ नका, कारण मारिस्मा ही समुद्राच्या ताब्यातली जमीन आणि खाजन ही माणसाने राखलेली. मी ‘खाजन’ हाच शब्द ठेवते आणि पहिल्या उल्लेखाला बांध व पाण्याचे दरवाजे, म्हणजे दिके आणि कोंपुएर्ता, सांगून टाकते. एवढी जुनी व्यवस्था स्वतःच्या नावाने वाचणाऱ्यापर्यंत गेली पाहिजे.

मिठागर म्हणजे सालिना. इथे काही अडचण नाही.

छोट्या खोबणी आणि मोठे आखात

किनाऱ्यात आत वळलेल्या छोट्या जागांना स्पॅनिशमध्ये काला, कालेता, एन्सेनादा असे शब्द आहेत. काला हा भूमध्य किनाऱ्याचा: मायोर्का, मेनोर्का, इबिसा इथल्या कड्यांमधल्या अरुंद, स्वच्छ पाण्याच्या जागा. पर्यटनाच्या मजकुरात तो गोड वाटतो, म्हणून चिलीच्या किनाऱ्यालाही लोक काला लिहितात. तिथे कुणी तसं म्हणत नाही. एन्सेनादा जास्त रुंद आणि उघडी. मेक्सिकोतलं एन्सेनादा शहर ज्या पाण्यावर आहे त्याचं नाव मात्र बाईआ दे तोदोस सान्तोस.

कालेतावर मला जरा थांबायचं आहे. चिलीत कालेता म्हणजे फक्त आत वळलेला किनारा नाही. होड्या ओढून ठेवलेल्या आहेत, जाळी वाळत आहेत, मासळी उतरते आहे, मच्छीमारांची संघटना आहे, शेजारी मासे खायला चार टेबलं मांडलेली आहेत, असं सगळं मिळून कालेता होते. लहान मच्छीमारांच्या कालेतांसाठी तिथे २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. अशा मजकुराचं मराठी करताना ‘छोटी खाडी’ लिहिलं तर माणसं गळून पडतात. मी संदर्भ बघून ‘मच्छीमार बंदर’ किंवा ‘कोळ्यांची वस्ती’ लिहिते. उलट दिशेने हर्णैसारख्या मासळी बंदराचं वर्णन चिलीसाठी करताना कालेता दे पेस्कादोरेस म्हटलं की चित्र लगेच उभं राहतं. आकाराने हर्णै मोठं आहे, ते पुढच्या वाक्यात सांगायचं. कोलंबियात बोली भाषेत कालेता म्हणजे लपवायची जागा, हेही लक्षात असू द्या.

मोठ्या पाण्यात बाईआ आणि गोल्फो. ढोबळ मानाने बाईआ लहान, गोल्फो मोठा. पण नावं या मापाने चालत नाहीत. बंगालचा उपसागर स्पॅनिशमध्ये गोल्फो दे बेंगाला आहे. इंग्रजीतलं ‘बे’ बघून बाईआ लिहाल तर स्पॅनिश वाचकाला ते खटकेल. फ्रान्स आणि स्पेनमधला बिस्केचा उपसागरही गोल्फो दे बिस्काया. हडसनचा उपसागर मात्र बाईआ दे हडसन. इथे तर्क लढवायचा नाही, रूढ नाव शोधायचं. फ्लोरिडातल्या की वेस्टचं मूळ नाव कायो उएसो, आणि स्पॅनिशमध्ये आजही तेच लिहितात. कायो म्हणजे कॅरिबियनमधलं सखल, वाळूचं किंवा प्रवाळाचं बेट. कोकणातल्या खडकाळ बेटाला तो लावू नका, त्याला इस्लोते.

सामुद्रधुनी म्हणजे एस्त्रेचो, पण कानाल हा शब्द नैसर्गिक आणि माणसाने खोदलेल्या, दोन्ही पाण्यांना चालतो: पनामाचा खोदलेला, बीगलचा निसर्गाचा. मराठीत करताना पहिल्याला कालवा आणि दुसऱ्याला सामुद्रधुनी किंवा खाडी, हे भान ठेवावं लागतं.

कांदळ आणि कांदळवन

मांग्ले म्हणजे झाड, मांग्लार म्हणजे त्यांचं वन. आपल्याकडच्या कांदळ आणि कांदळवन या जोडीशी हे छान जुळतं. घोळ होतो तो रंगांवरून. पांढरी चिप्पी, म्हणजे सोनेराटिया आल्बा, २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरली. ‘पांढरी’ बघून हात आपोआप मांग्ले ब्लांको लिहितो. पण अमेरिकेच्या किनाऱ्यांवर मांग्ले ब्लांको म्हणजे लागुनकुलारिया रासेमोसा, वेगळंच झाड, जे आपल्याकडचं नाही. तसंच तिवराचं. तिवर अविसेनिया वंशातला, आणि त्याच वंशातल्या तिकडच्या झाडाला मांग्ले नेग्रो म्हणतात, पण प्रजाती निराळी. वनस्पतीच्या बाबतीत माझा नियम पक्का आहे: स्थानिक मराठी नाव, त्यापुढे शास्त्रीय नाव, आणि गरज असेल तर ‘एक प्रकारचा मांग्ले’. रंगाचं भाषांतर करायचं नाही.

भरती, ओहोटी आणि लाटा

भरतीला प्लेआमार, ओहोटीला बाखामार. भरतीची सर्वांत वरची आणि ओहोटीची सर्वांत खालची अवस्था यांतून नेमकी कळते. साध्या बोलण्यात मारेआ आल्ता आणि मारेआ बाखा चालतं. उधाण म्हणजे मारेआ बीबा, जिवंत भरती. भांग म्हणजे मारेआ मुएर्ता, मेलेली भरती. आमच्याकडे अजूनही तिथीवरून बोलतात: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. स्पॅनिश कोळीही चंद्रावरूनच मोजतात, त्यामुळे हा भाग करताना मला घरच्यासारखं वाटतं. शास्त्रीय लेखात उधाणाला ‘दे सिसीखिआस’ आणि भांगाला ‘दे क्वाद्रातुरा’ असं येतं. मधल्या इंग्रजी मजकुरावरून काम करत असाल तर तिथल्या ‘स्प्रिंग’चा वसंत ऋतूशी संबंध लावू नका, प्रिमाबेरा लिहिलेली भाषांतरं मी तपासायला आलेली बघितली आहेत.

मारेखादा या शब्दाला फार जपा. स्पेनच्या हवामान खात्याच्या मोजपट्टीवर मारेखादा म्हणजे ०.५ ते १.२५ मीटर लाटांचा समुद्र. त्याच्या खाली ०.१ ते ०.५ मीटरची मारेखादिया, वर २.५ मीटरपर्यंत फुएर्ते मारेखादा. चिलीत नौदलाची हवामान सेवा मारेखादासचा इशारा देते तेव्हा दुरून आलेल्या मोठ्या लाटांनी किनारा झोडपला जाणार, बंदरं बंद होणार, असा अर्थ असतो. चक्रीवादळाने समुद्राची पातळीच चढते, त्याला अमेरिकेच्या हरिकेन केंद्राच्या स्पॅनिश पत्रकांत मारेखादा सिक्लोनिका म्हणतात, मेक्सिकोत मारेआ दे तोर्मेंता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्याबद्दल लिहायचं तर लाटांची उंची आणि पाण्याची चढ या दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या शब्दांनी आल्याच पाहिजेत. अशा कागदावरून कुणीतरी माणसं हलवायची की नाही ते ठरवत असतं.

कायद्याचा किनारा

सरकारी कागदात कल्पनाशक्ती पूर्ण बंद. समुद्र कायद्याचा १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा करार स्पॅनिशमध्येही अधिकृत आहे. सागरी हद्द, आधाररेषा, ओहोटीची रेषा यांसाठी त्यातलेच शब्द उचलायचे. ओहोटीची रेषा तिथे लीनिआ दे बाखामार आहे, आणि तीच लिहायची.

देशांच्या स्वतःच्या कायद्यांत मात्र प्रत्येकाचा किनारा वेगळ्या मापाचा. स्पेनच्या १९८८ च्या किनारा कायद्यात संरक्षण पट्टा साधारणपणे १०० मीटरचा. मेक्सिकोचा सोना फेदेराल मारीतिमो तेर्रेस्त्रे २० मीटरचा. कोस्टा रिकाचा सोना मारीतिमो तेर्रेस्त्रे २०० मीटर, त्यातले पहिले ५० सार्वजनिक. आपल्याकडे सागरी किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) म्हटलं की भरतीरेषेपासून ५०० मीटर डोळ्यांपुढे येतात. म्हणून आपल्या सीआरझेडला यांपैकी कुठलंही तयार नाव देऊ नका. मेक्सिकोचा वकील ते वाचून २० मीटर मोजेल. ‘सोना दे रेगुलासिओन कोस्तेरा’ असं सरळ भाषांतर करा आणि मीटर मजकुरात लिहा.

लिहितानाच्या बारीक गोष्टी

स्पॅनिशमध्ये बाईआ, गोल्फो, काबो (भूशिर) हे सामान्य नाम लहान अक्षराने लिहितात आणि पुढचं विशेषनाम मोठ्या अक्षराने. स्पॅनिश भाषेच्या रॉयल अकादमीच्या २०१० च्या लेखननियमांत हे स्पष्ट आहे. मात्र बाईआ ब्लांका हे शहराचं नाव असेल तर दोन्ही मोठी. इंग्रजीच्या सवयीने सगळंच मोठं लिहिलेलं मी रोज दुरुस्त करते.

मार पुल्लिंगी, पण दर्यावर्दी आणि कोळी ‘ला मार’ म्हणतात, स्त्रीलिंगी. प्लेआमार, बाखामार, आल्ता मार हे सगळे स्त्रीलिंगीच राहिले. मच्छीमाराच्या तोंडचं वाक्य असेल तर मी ‘ला मार’ ठेवते. अहवालात ‘एल मार’.

मरीन ड्राइव्हसारख्या फिरायच्या रस्त्याला स्पेनमध्ये पासेओ मारीतिमो, क्युबा आणि पेरूत मालेकोन, अर्जेंटिनात आणि चिलीत कोस्तानेरा, मोंतेविदेओत रांब्ला. मुर्सियात रांब्ला म्हणजे पावसातच वाहणारी कोरडी नदी. तेव्हा पुन्हा तेच: वाचणार कोण?

खात्री कुठे करायची

अकादमीचा कोश घ्या, पण त्यावर थांबू नका. २०१० चा अमेरिकनिझमांचा, म्हणजे अमेरिका खंडांतल्या स्पॅनिश शब्दांचा, कोश देशवार अर्थ देतो, एस्तेरोसारख्या शब्दाला तो हवाच. त्याहून मोलाचे नौकानयनाचे नकाशे आणि देर्रोतेरो, म्हणजे किनाऱ्याचं बोटीवरून दिसणारं वर्णन देणारी पुस्तकं. स्पेनसाठी कादिसची नौदल जलालेखन संस्था, चिलीसाठी वाल्पाराइसोची. त्यांत एकाच पानावर काबो, पुंता (टोक), बाखो (उथळ जागा), एन्सेनादा शेजारी शेजारी येतात आणि कुठला शब्द कुठल्या आकाराला लावतात ते दिसतं. मग त्या भागातलं स्थानिक वर्तमानपत्र. मासळीच्या बातम्या, पुराच्या बातम्या, बंदर बंद झाल्याच्या बातम्या वाचा. लोक रोज काय म्हणतात ते तिथेच कळतं.

आणि कधी शब्दच नसतो. आमच्या हेदवीची बामणघळ बघा. काळ्या कातळाला पडलेली अरुंद, खोल चीर. भरतीला लाट आत कोंडते आणि पाणी उसळून वर उडतं. आस्तुरियासमध्ये यानेसजवळ बुफोनेस दे प्रीआ आहेत, मेक्सिकोतल्या एन्सेनादाजवळ ला बुफादोरा आहे, आणि पर्यटनाच्या मजकुरात बुफोन लिहायचा मोह होतो. पण आस्तुरियासचा बुफोन चुनखडकातल्या भोकातून फुंकतो, वर छत आणि छताला छिद्र. बामणघळ वरून सताड उघडी आहे. मी ‘ग्रिएता’, म्हणजे चीर, असं लिहिलं, नाव बामणघळ तसंच ठेवलं आणि पुढे एका वाक्यात भरतीला काय होतं ते सांगितलं. शेवटी एक सूचना जोडली, जी मूळ मजकुरात नव्हती पण ग्राहकाला विचारून घातली: उधाणाच्या दिवशी कडेला उभं राहू नये.